पक्षी उठवणारा कुत्रा निवडताना

(दहावी १९८७ च्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि एक अट घातली आहे. नोकरी, बढती आणि मुलांचे पगार यांवर बोलायचे नाही. ज्यात जीव गुंतला आहे अशा एखाद्या गोष्टीवर बोलायचे. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा नीट ऐकू आले म्हणून. विषय असा: रानातले पक्षी उठवणारा शिकारी कुत्रा कसा निवडावा.

मी सत्तावीस वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून नववर्षापर्यंत फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो. शेजारच्या एका शेतकरी आजोबांनी मला या वाटेला लावले. आज माझा मोती अकरा वर्षांचा झाला आहे. तो स्प्रिंगर स्पॅनियल जातीचा, तपकिरी-पांढरा. नाव आपल्या गावचे असले तरी तिथले लोक त्याला 'मोडी' म्हणतात, आणि तो दोन्ही नावांना येतो. हा त्याचा बहुधा शेवटचा हंगाम. पुढचा कुत्रा कोणता घ्यायचा हा प्रश्न सध्या आमच्या घरात रोज जेवणाच्या टेबलावर असतो. म्हणून हा विषय.

आधी तुमच्या मनातला प्रश्न घेतो. 'अरे, तू पक्षी मारतोस?' हो, मारतो, आणि जे मारतो ते घरी शिजवून खातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. तिथली रीत निराळी आहे. परवाना लागतो, फक्त नर पक्षी मारता येतो, आणि मिनेसोटात दिवसाला दोनच, डिसेंबरपासून तीन. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचे पैसे राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतात. १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांना पैसे देऊन काही जमीन गवताखाली ठेवायला लावते. गवत वाढले की फेझंट वाढतात, गवत नांगरले की कमी होतात. एवढे सांगूनही कुणाला पटले नाही तर माझी तक्रार नाही. आमच्या घरातही सौभाग्यवतींना ते पूर्ण पटलेले नाही. कुत्रा मात्र त्यांचाच आहे.

पण शिकार मान्य केली की एक जबाबदारी येते. छऱ्यांनी जखमी झालेला पक्षी गवतात पडला आणि सापडला नाही, तर त्याच्यासारखे वाईट काही नाही. फेझंट पडल्यावर पायांवर असला तर पळतो, आणि छातीइतक्या गवतात माणसाला तो शोधता येत नाही. नाकाशिवाय इलाज नाही. म्हणून आमचे आजोबा पहिल्या दिवशीच म्हणाले होते की आधी कुत्रा, मग बंदूक. पुढे मी जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी हे आहे.

आता पक्ष्याविषयी. फेझंट म्हणजे आपल्या कोंबड्याचा रानातला भाऊबंद. नराचे अंग तांब्यासारखे, मान हिरवी, तिच्यावर पांढरे कडे आणि लांब शेपूट. तो मूळचा अमेरिकेचा नाहीच. १८८१ मध्ये शांघायमधल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख ओवेन डेनी यांनी चीनमधून हे पक्षी ऑरेगनला पाठवले, आणि तिथे ते रुजले. आमच्या शेजारच्या साउथ डकोटात १९१९ मध्ये त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला. आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आशियातून येऊन मक्याच्या शेतात स्थिरावलेला, थंडीला कुरकुर न करणारा. मला त्याच्याविषयी जरा आपुलकी वाटते याचे कारण तुमच्या लक्षात येईल.

या पक्ष्याची एक खोड आहे. तो उडण्याआधी पळतो. माणसाची चाहूल लागली की गवताच्या बुडातून शंभर-दोनशे पावले सरकत जातो, आणि उडतो तो आपण पोचणार नाही अशा ठिकाणी. कुत्रा निवडण्याचा पहिला धडा इथून सुरू होतो.

आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याला तुम्ही ओळखता. तो नजरेने शिकार करतो. ससा दिसला की वेगाने गाठतो. गवतात दडलेल्या पक्ष्यासाठी वेगळी कला लागते आणि तिच्या दोन शाखा आहेत. पहिल्या शाखेतले पॉइंटर, सेटर, ब्रिटनी हे कुत्रे. त्यांना वास आला की ते दगडासारखे थबकतात, मालक चालत जवळ येतो आणि पक्षी स्वतः उठवतो. दबून बसणाऱ्या पक्ष्यांसाठी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लाव्यांसाठी ही पद्धत उत्तम. हे कुत्रे दोन-तीनशे पावले पुढे गेले तरी बिघडत नाही, कारण ते थांबून राहतात.

दुसरी शाखा उठवणाऱ्यांची. जुन्या शिकारीत हाका घालणारे हाकारे असत ना, तो हा चार पायांचा हाकारा. तो थबकत नाही. वास लागला की थेट काटेरी झुडपात घुसतो, पळणाऱ्या पक्ष्याला गाठतो आणि त्याला उडायला भाग पाडतो. पळणाऱ्या फेझंटासाठी हाच बरा. पण इथे एक अट आपोआप येते. छऱ्यांच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला तीस-चाळीस यार्डांचा. म्हणजे कुत्र्याने वीस-पंचवीस यार्डांच्या आतच काम करायला हवे. साठ यार्डांवर उठलेला पक्षी म्हणजे कुत्र्याची मजा आणि मालकाचे रिकामे हात. म्हणून उठवणाऱ्या कुत्र्यात वेगापेक्षा जवळ राहण्याची वृत्ती पाहायची. तो आपल्यासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी फिरतो, आणि दर फेरीला एकदा मागे वळून पाहतो. ते वळून पाहणे पुष्कळसे रक्तात असते. उरलेले शिट्टीने शिकवता येते.

आता जातींकडे वळू. मी चारच सांगतो, कारण बाकीच्या आमच्याकडे क्वचित दिसतात.

स्प्रिंगर स्पॅनियल पहिला. नावातच काम आहे: पक्ष्याला उसळवणारा. बंदुका येण्याआधी जाळे आणि ससाणे यांच्यासाठी पक्षी उठवणाऱ्या कुत्र्यांचा हा वारस. गंमत म्हणजे एके काळी एकाच वेतातली मोठी पिले स्प्रिंगर आणि लहान पिले कॉकर म्हणवली जात. इंग्लंडच्या केनेल क्लबने स्प्रिंगरला वेगळी जात म्हणून १९०२ मध्ये मान्यता दिली. वजन सोळा ते बावीस किलो. गवत, झुडपे, मका, थोडे पाणी, सगळीकडे चालतो. एकच कुत्रा आणि सगळ्या प्रकारचे रान असेल तर मी डोळे मिटून याचे नाव सांगतो. दोष म्हणाल तर अंगावरची झालर. आमच्या गवतातली कुसळे आणि गोखरू तिच्यात अडकतात आणि संध्याकाळचा तास कंगव्यात जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की आधी स्प्रिंगरच्या कानामागचे शोधून दाखवा.

दुसरा इंग्लिश कॉकर. वूडकॉक नावाच्या पक्ष्यावरून याला नाव मिळाले. शिकारीच्या वंशातला कॉकर बारा-चौदा किलोंचा, पण मोटार मोठ्या गाडीची बसवलेली. जिथे स्प्रिंगर वरून उडी मारतो तिथे हा खालून बोगदा काढतो. खोडकर आहे, आणि रागावून शिकवायला गेलात तर फुगून बसतो. तोंडात सव्वा किलोचा फेझंट घेऊन येताना त्याची तारांबळ उडते, पण आणतो. खोल बर्फ आणि गोठलेले पाणी हे मात्र त्याचे रान नव्हे.

तिसरा लॅब्राडोर. हा मुळात मारलेला पक्षी आणून देणारा, पाण्यातला मोठा कामगार. पण अमेरिकेत असंख्य लोक त्याच्याकडून पक्षी उठवण्याचेही काम घेतात. पंचवीस ते पस्तीस किलो, दुहेरी केसांचा जाड कोट, थंडीची पर्वा नाही. डिसेंबरात आमच्याकडे फेझंट पाणथळातल्या पाणकणसात शिरतात. तिथे पाणकणीस डोक्याइतके उंच, खाली पातळ बर्फ आणि त्याखाली चिखल. तिथे लॅब्राडोर रणगाड्यासारखा वाट करत जातो. शिकवायला सोपा, स्वभावाने गोड. स्प्रिंगरसारखी नागमोडी चाल त्याला उपजत कमी येते, ती शिकवावी लागते. त्याचे केस घरभर बारा महिने गळतात.

चौथा बॉयकिन स्पॅनियल. साउथ कॅरोलिनात घडलेला, गडद तपकिरी, चौदा ते अठरा किलोंचा. त्या राज्याने त्याला १९८५ मध्ये राज्याचा कुत्रा केले. उष्णता चांगली सोसतो, लहान होडीत मावतो. दक्षिणेतल्या माणसाने नक्की पाहावा. मिनेसोटाच्या जानेवारीसाठी मी त्याला बोलावणार नाही.

इथपर्यंत पुस्तकात मिळते. आता जे पुस्तकाच्या कडेला लिहिलेले असते ते सांगतो.

जातीच्या नावापेक्षा वंश महत्त्वाचा. प्रदर्शनासाठी वाढवलेला स्प्रिंगर आणि शिकारीसाठी वाढवलेला स्प्रिंगर कागदावर एकाच जातीचे आहेत, पण कित्येक पिढ्या वेगळ्या वाटांनी गेले आहेत. पहिला जड डोक्याचा, लांब कानांचा, दाट केसांचा. दुसरा सडपातळ, आखूड कानांचा, सतत नाक चालवणारा. दोन्ही चांगले, पण काम एकच करतो. म्हणून पिलाचा फोटो पाहून ठरवू नये. पिले सहा आठवड्यांची असताना सगळीच देखणी असतात. आई आणि बाप यांना रानात काम करताना पाहावे. आई माणसांजवळ कशी वागते, शिट्टीवर थांबते का, पक्षी उठल्यावर खाली बसते का, बंदुकीच्या आवाजाने दचकते का. आई दाखवायला जो पाळणारा टाळाटाळ करतो, त्याला नमस्कार करून परत फिरावे.

मग आरोग्य. विज्ञानाच्या तासाला बाईंनी फळ्यावर मेंडेलच्या वाटाण्यांचे चौकोन काढले होते. बाई, आज समोर बसल्या आहात म्हणून सांगतो, ते चौकोन मला नोकरीत कधी लागले नाहीत, कुत्रा घेताना लागले. लॅब्राडोरमध्ये एक आनुवंशिक दोष असतो. कुत्रा पाच-दहा मिनिटे जोरात धावला की मागचे पाय लुळे पडतात, आणि क्वचित जीवही जातो. त्याला कारण असलेला जनुकातला बदल २००८ मध्ये आमच्याच मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्याची चाचणी आता सहज होते. दोष दडलेला असतो. आईबाप दोघेही धडधाकट दिसतात, पण दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल तर चारांत एका पिलाच्या वाट्याला तो येऊ शकतो. बाईंचा चौथा चौकोन! स्प्रिंगरमध्ये असाच एक रक्ताचा दोष आहे: फार श्रम झाले की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद होते. कॉकरमध्ये डोळ्यांचा आणि मूत्रपिंडाचा असे दोन आजार तपासायचे. शिवाय सगळ्यांच्या खुब्यांचे एक्स-रे. हे कागद मागायला लाजू नये. मुलीचे स्थळ पाहताना आपण पत्रिका मागतो, त्यापेक्षा हे कागद जास्त खरे बोलतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. मी वर्षाला जास्तीत जास्त वीस दिवस शिकारीला जातो. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस तो कुत्रा स्वयंपाकघरात असतो, सोफ्याच्या कडेला असतो, मुलगी सुट्टीला घरी आली की तिच्या अंथरुणात असतो. त्याला बाहेर बर्फ असतानाही रोज तासभर पळवायचे असते. कान पुसायचे, नखे कापायची, पायात गेलेले कुसळ शोधायचे. त्यामुळे कुत्रा निवडताना वीस दिवसांचा नकाशा पाहायचा, पण सही करायची ती तीनशे पंचेचाळीस दिवसांच्या कागदावर. तो कागद घरातल्या सगळ्यांनी वाचलेला असावा.

मग आमच्या टेबलावरच्या प्रश्नाचे काय झाले?

मुलगी म्हणाली, पुन्हा स्प्रिंगर, मोतीसारखाच. मलाही मोह झाला. पण मोतीसारखाच हवा असे म्हणणे हा नव्या पिलावर अन्याय आहे. ते आयुष्यभर तुलनेच्या परीक्षेला बसेल. शेजारचे आजोबा म्हणाले, लॅब घे, डिसेंबरात उपयोगी पडेल. सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला. 'याला उचलणार कोण?'

हा प्रश्न मी आधी हसण्यावारी नेला. नंतर विचार केला. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आज घेतलेले पिलू बारा-चौदा वर्षे जगेल, म्हणजे त्याच्या म्हातारपणी मी सदुसष्ट. रानात कुत्र्याचा पाय काटेरी तारेने फाटतो. तेव्हा त्याला कुंपणावरून उचलून मैलभर गाडीपर्यंत न्यावे लागते, आणि मी मोतीला तसे नेलेले आहे. म्हातारा कुत्रा गाडीत चढत नाही, जिना उतरत नाही. पस्तीस किलोंचा लॅब्राडोर सदुसष्टव्या वर्षी, या गुडघ्यांवर? आपण कुत्र्याला विकत घेतो तेव्हा त्याचे म्हातारपणही घेतो, आणि माझ्या वयाला आपले स्वतःचेही त्याच पिशवीत असते.

म्हणून आम्ही शिकारीच्या वंशातली कॉकर घेणार आहोत, मादी, तेरा-एक किलोंची. आईबापांचे काम पाहून झाले आहे, कागद पाहून झाले आहेत. त्याबरोबर मी एक गोष्ट सोडणार आहे. डिसेंबरातले ते गोठलेले पाणकणीस, जे मला सगळ्या हंगामात सर्वांत प्रिय होते, तिथे मी आता जाणार नाही. ते तिचे रान नाही आणि खरे सांगायचे तर आता माझेही राहिलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरची गवते आणि झुडपे आम्हा दोघांना पुरतील. हे ठरवायला मला दोन महिने लागले. कुत्र्याची जात ठरवायला त्यातले चार दिवस.

इथे बसलेल्यांपैकी कुणी शिकारीला जाणार नाही हे मला माहीत आहे. पण चहाच्या वेळी तिघांनी सांगितले की नातवंडे किंवा मुले कुत्रा मागत आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकेत लॅब्राडोर आणायचे चालले आहे. आणा, गोड प्राणी आहे. फक्त एवढे लक्षात ठेवा की तो थंड पाण्यात दिवसभर पोहून पक्षी आणण्यासाठी घडलेला कामगार आहे. सकाळी वॉचमनबरोबर दहा मिनिटे फिरवून त्याचे भागत नाही. तो खातो, फुगतो आणि सोफा फोडतो. आठव्या मजल्यावर रोज दीड तास कोण देणार हे आधी ठरवा, आणि कोण देणार त्याचे नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ते नाव बहुतेक वेळा आजोबांचे निघते.

आपल्या शाळेच्या मागच्या माळावर पावसाळ्यानंतर तितर ओरडायचे. काल संध्याकाळी तिकडे चक्कर मारली. निम्म्या माळावर इमारती आल्या आहेत, पण उरलेल्या भागात अजून गवत आहे आणि तितर अजून आहेत. मी नुसता उभा राहून ऐकले. शाळेने तेवढा तुकडा तरी गवताखाली राहू द्यावा, अशी माझी मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे. लागेल ती मदत आमच्या तुकडीतर्फे करण्याची तयारी मी कालच चार मित्रांशी बोलून ठेवली आहे.

पंधरा मिनिटे झाली, घंटा वाजायच्या आत थांबतो. सर, बाई, तुम्ही आलात, तुम्हाला पाहता आले, याहून मोठे काही नाही. कॉकर मार्चमध्ये घरी येईल. नाव अजून ठरलेले नाही. तिथल्या जिभेला उच्चारता येईल आणि आपल्या कानाला आपले वाटेल असे एखादे सुचले तर जेवताना जरूर सांगा.